टाचणीची पाणविजार

"काकू, आत सगळं ठीक आहे ना?" पडद्याबाहेरून मिशीवाल्या विक्रेत्यानं पुन्हा विचारलं.

आत काहीही ठीक नव्हतं. आत टाचणी एका पायावर उभी होती. दुसरा पाय रबराचा वास मारणाऱ्या एका हिरव्या, जाड विजारीत गुडघ्यापर्यंत शिरला होता आणि तिथंच रुसून बसला होता. पुढे जाईना, मागे येईना. कपडे घालून बघायची ती खोली एवढीशी, की कोपर हलवलं तर आरसा डुगडुगायचा आणि खाली वाकलं तर पडदा ढकलून पाठ थेट दुकानात जायची. बाहेर सायकली आणि तंबू बघायला आलेली गिऱ्हाइकं. त्यांना फुकटचा खेळ दाखवायची टाचणीची मुळीच इच्छा नव्हती.

"मला काकू म्हणू नका," ती आतून म्हणाली.

"बरं, आजी."

बाहेर कुणीतरी खुसकन हसलं.

"काकूच म्हणा," टाचणी म्हणाली. "आणि या विजारीतून मला बाहेर काढायचा काही उपाय असेल तर तोही सांगा."

आता टाचणी म्हणजे कोण, ते सांगायला हवं. एका फिरत्या नाटक कंपनीचा कपडेपट तिनं उभं आयुष्य सांभाळला होता. ओठांत सदान्‌कदा टाचण्या धरलेल्या, बोलायची ती त्यांच्या फटीतूनच. म्हणून कंपनीतल्या विनोदी नटानं तिचं नाव टाचणी ठेवलं. तेव्हा ती होतीही काटकुळी. नाव शोभून दिसायचं. पुढे वय वाढलं, अंग भरलं आणि ती टाचणीपेक्षा टाचण्या खोचायच्या गादीसारखी दिसायला लागली. पण नाव एकदा चिकटलं की सुटत नाही.

काय दिवस होते ते! विंगेतल्या मिणमिणत्या दिव्यात, समोर एक गाणं चालू आहे तेवढ्या वेळात, शिपायाचा राजा करायचा. एक हात बंदांवर, एक हात मुकुटावर, गुडघ्यानं मागून ढकलायचं की राजा रंगमंचावर! एका हंगामात राजाचं पोट असं सुटलं की अंगरखा मिटेना. नवा शिवायला वेळ नव्हता. टाचणीनं अंगरख्याची पाठ उभी उसवली, आत नाड्या ओवल्या आणि सांगितलं, "महाराज, प्रेक्षकांना पाठ दाखवू नका, म्हणजे राज्य शाबूत." राजानं अख्खा हंगाम तोंड समोर ठेवून काढला. रणातून पळ काढायचा प्रवेशसुद्धा त्यानं उलटं चालत केला आणि त्यालाच टाळी पडली.

तेव्हापासून टाचणीचा एक सिद्धांत होता. अंगाला न बसणारा कपडा जगात नसतो. आळशी हात असतात.

आणि आता, केस पिकल्यावर, एका विजारीनं तिला खिंडीत गाठलं होतं.

तीही साधी विजार नव्हे. पायाच्या बोटांपासून छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे, कमरेला पट्टा, आणि पाण्याचा थेंब आत येऊ न देणारी. नदीत उभं राहून मासे धरणारे तिला वेडर्स म्हणतात. टाचणी तिला पाणविजार म्हणायची. मनातल्या मनात आणखीही बरंच काही म्हणायची.

हे सगळं लचांड तिच्या गळ्यात पडलं ते दादामुळं. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. जन्मभर लोकांच्या कवळ्या बनवल्या. निवृत्त झाल्यावर त्याच टेबलाशी, त्याच चिमट्यांनी आणि त्याच भिंगाखाली तो खोट्या माशा बनवायला लागला. इवल्याशा गळावर पिसाचा तुकडा आणि रेशमी धागा गुंडाळून अशी माशी करायची की माशालाही खरी वाटावी. मग लांब दोरी हवेत मागे-पुढे झुलवून ती माशी पाण्यावर अलगद उतरवायची. गळाला गांडूळ लावणाऱ्यांकडे दादा, गवई बँडवाल्याकडे बघतो तसा बघायचा. पण या झुलवाझुलवीला पाठीमागे मोकळी जागा लागते. काठावर झाडं, दोरी फांदीत अडकते. म्हणून उभं राहायचं ते नदीत, मांडीभर पाण्यात.

इतकी वर्षं त्याच्या शेजारी वहिनी उभी राहायची. यंदा वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दादाच्या कानात काहीतरी बिघडलं होतं. मान पटकन वळवली की त्याला घेरी यायची. गेल्या हंगामाच्या शेवटी तो भर प्रवाहात खाली बसला होता. तो म्हणायचा, "मी बसलो." वहिनी म्हणायची, "पडले." या एका क्रियापदावरून त्या घरात हिवाळाभर धुसफूस चालू होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाण्यात एकटं उतरायचं नाही. दादानं मान डोलावली होती, तीही बेतानं. आणि घरी येऊन जाहीर केलं होतं, की रविवारी हंगाम उघडतोय, कुणी आलं तर त्याच्यासह, नाही तर त्याच्याविना, मी जाणार.

"मित्राला ने ना एखाद्या," टाचणी म्हणाली होती.

"परका माणूस शेजारी उभा राहिला की माझा हात आखडतो."

मग वहिनी काठी टेकत टाचणीच्या खोलीवर आली. तिच्या हातात पिशवी होती.

"वन्सं, ही माझी विजार. आता तुमची पाळी."

"माझी? अहो, मी घोट्यावरच्या पाण्यात कधी गेलेली नाही!"

"मी तरी कुठं गेले होते? लग्न ठरवताना मला कुणी सांगितलं होतं की नवऱ्याबरोबर नदीही पदरात पडणार आहे?" वहिनी खुर्चीत बसली आणि तिचा आवाज उतरला. "ते माझं ऐकत नाहीत. डॉक्टरांचं नाही. तुम्ही शेजारी असलात तर निदान धरायला कुणीतरी असेल. मला नुसतं काठावर बसून बघायचंय का, ते पाण्यात… बसताना?"

'पडताना' हा शब्द तिनं गिळला. टाचणीनं पिशवी घेतली.

वहिनी म्हणजे उंच, सडसडीत, खिडकीच्या गजासारखी. तिची विजार टाचणीच्या नितंबांपाशी आली आणि थांबली. टाचणीनं पोट आत घेतलं, श्वास रोखला, पलंगावर आडवी झाली, उभी राहून उड्या मारल्या. विजार ढिम्म. खालच्या मजल्यावरचे भाडेकरू काय कोसळलं म्हणून वर बघायला आले, तेव्हा तिनं तो नाद सोडला.

म्हणून ती या दुकानात आली होती. येण्याआधी दादानं फोनवर तासभर शिकवणी घेतली होती. "बूट जोडलेली घेऊ नकोस. बूट एकदा पायात बसला नाही तर सगळंच गेलं. खाली मऊ मोजे असतात ना, तसली घे. वरून वेगळे बूट घालायचे. कापड पातळ, हवा खेळणारं. आणि घालून गुडघा छातीपर्यंत उचलून बघ, उकिडवी बसून बघ."

मग दादाच्या हातून फोन काढून घेत वहिनी म्हणाली होती, "पातळ-बितळ काही घेऊ नका. डोंगरावरून येतं ते पाणी. हाडं गोठतील. जाड रबराचीच घ्या."

"पातळ!" मागून दादा ओरडला.

"जाड!" वहिनी फोनमध्ये ओरडली. टाचणीचा कान तेवढा बधिर झाला.

आणि दुकानात मिशीवाल्यानं पहिली आणून दिली ती नेमकी जाड, आणि बूट जोडलेली. त्यातच तिचा पाय अडकला होता. अखेर टाचणीनं पडद्याखालून पाय बाहेर सरकवला, मिशीवाल्यानं बूट दोन्ही हातांनी धरला, आणि "ओढा!" म्हटल्यावर त्यानं असा ओढला की बूट, विजार आणि तो स्वतः तंबूंच्या ढिगाऱ्यात जाऊन पडले.

"बायकांच्या मापाची नाही का?" टाचणीनं कपडे नीट करून बाहेर येत विचारलं.

"आहे ना!" मिशीवाला उत्साहानं आत गेला आणि एक गुलाबी टोपी घेऊन आला.

"ही विजार आहे?"

"टोपी आहे. बायकांसाठी आमच्याकडं एवढंच येतं."

टाचणीनं टोपीकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं आणि तोंडात टाचण्या असत्या तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. निदान जीभ आवरली असती.

मग सुरू झाली ती परेड. पातळ कापडाची, मधल्या मापाची घातली, तर कमरेत अडकली. मोठ्या मापाची घातली, कंबर बसली, पण पाय एवढे लांब की पेटीच्या भात्यासारख्या घड्या घोट्याशी जमा झाल्या. तिसरी पायाला बरोबर होती, पण दादानं सांगितल्याप्रमाणं ती उकिडवी बसली आणि मागून असा आवाज आला की मिशीवाला म्हणाला, "शिवण नाही गेली, फक्त ताणली." प्रत्येक विजार कुठल्यातरी एका उंच, सपाट, लांब पायांच्या पुरुषाच्या मापानं कापलेली होती. तो पुरुष टाचणीनं कधी पाहिला नव्हता, पण आता तो समोर आला असता तर तिनं त्याचे कान उपटले असते.

"आखूड आणि रुंद मापाची मागवता येते," मिशीवाला म्हणाला. "पण यायला पुढचा महिना उजाडेल."

"मला रविवारी पाण्यात उतरायचंय."

"मग मोठ्या मापाचीच न्या. घड्या पडतील, पण पाण्यात कोण बघतंय?"

पाण्यात कोण बघतंय! शेवटच्या रांगेतल्या माणसालाही बाहीवरची सुरकुती दिसते, या विश्वासावर जिनं आयुष्य काढलं, तिला हे ऐकवलं जात होतं.

"आणि घोट्याशी एवढं कापड लोंबलं तर पाय अडकून पडायला होईल, त्याचं काय?"

"ते मात्र आहे," मिशीवाला प्रामाणिकपणे म्हणाला. "पण करता काही येत नाही. ही विजार कमी करता येत नाही, काकू."

का येत नाही, हे त्यानं सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही. 'कमी करता येत नाही' एवढंच तिच्या डोक्यात जाऊन बसलं. कपडेपटातल्या बाईला असं म्हणणं म्हणजे पैलवानाला 'तुमच्यानं हे उचलवणार नाही' म्हणण्यासारखं.

"बांधा," टाचणी म्हणाली.

घरी येईपर्यंत ती धुमसत होती. मोठ्या मापाची ती राखाडी विजार पलंगावर पसरली होती. एखादा लांबलचक पाहुणा चपलांसकट आडवा झाल्यासारखी. तेवढ्यात दादाचा फोन आला.

"कुठली घेतलीस?"

"मिळाली ती."

"मिळाली ती म्हणजे काय? मोजेवाली की बूटवाली? पातळ ना? गुडघा उचलून बघितलास?"

"गुडघा उचलला, पाठ उचलली, दुकान डोक्यावर उचललं! दादा, मी काय लहान आहे का?"

"अगं, कपडा घेणं वेगळं, हे वेगळं. यात शास्त्र आहे."

"मला कपड्यातलं शास्त्र सांगतोस? मला? तू लोकांच्या तोंडात दात बसवलेस, मी माणसं कपड्यांत बसवली आहेत!"

"तेच म्हणतो मी, तुझी कला रंगमंचावर. नदी म्हणजे—"

"नदी म्हणजे काय? नदीला तिकीट काढावं लागतं का?"

असं बराच वेळ चाललं. फोन कानाशी आणि खांद्याशी दाबून धरलेला, आणि हात मोकळे. टाचणीचे हात मोकळे राहिले की स्वतःचंच काम शोधत. त्यांनी डबा उघडला. त्यांनी राखाडी दोरा निवडला, रंगाला रंग जुळवून. पायाची लांबी बोटांनी मापली, गुडघ्याखाली एक रुंद चूण घेतली आणि सुई घातली. दादा प्रवाहाबद्दल बोलत होता, ती त्याला बालपणीच्या गोष्टी ऐकवत होती, आणि हात शिवत होते. बारीक, घट्ट, दुहेरी टाका. उजवा पाय झाला, डावा झाला. फोन ठेवला तेव्हा विजार बरोबर तिच्या मापाची झाली होती. तिनं घालून आरशात पाहिलं. एक घडी नाही, एक सुरकुती नाही. गुडघा उचलला, उकिडवी बसली. वा! अगदी अंगावर ओतल्यासारखी.

'कमी करता येत नाही म्हणे!' टाचणी आरशाला म्हणाली आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

शनिवारी सकाळी वहिनी आली. विजार अंगावर बघून तिनं कौतुकानं एक फेरी मारली, म्हणजे काठी टेकत जेवढी मारता येते तेवढी.

"अगंबाई! कशी बसलीय हो. मला इतक्या वर्षांत अशी बसली नाही. कुठं मिळाली?"

"मिळाली नाही. बसवली."

वहिनी थांबली. "बसवली म्हणजे?"

"पाय लांब होते. चूण घेतली."

"कशानं?"

"कशानं म्हणजे? सुईनं. दातांनी घेईन का?"

वहिनी खुर्चीत बसली. तिनं काठी मांडीवर आडवी ठेवली. मग फार हळू आवाजात, आजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाली, "वन्सं, ती काढा. नळाखाली न्या. आत पाणी भरा. आम्ही दर हंगामाला भरून बघतो."

न्हाणीघरातल्या दांडीला विजार पट्ट्यांनी टांगली. टाचणी बादलीनं पाणी ओतायला लागली. एक बादली. दुसरी. पाय फुगले. आणि मग गुडघ्याच्या जरा खाली, दोन्ही पायांभोवती गोल, एकेका टाक्यातून एकेक बारीक धार निघाली. टाके इतके समान, की धाराही समान. कुठे एक जाड नाही, एक बारीक नाही. राजवाड्यातल्या कारंज्यानं शिकावं अशी ती कामगिरी होती.

दोघी कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"हातात कला आहे हो तुमच्या," वहिनी अखेर म्हणाली.

"वहिनी, एक शब्द बोलू नका."

"बोलत नाहीये. पण धारा मोजाव्याशा वाटतात."

टाचणी बादलीवर बसली. रडू येत नव्हतं, संताप येत होता. आणि संताप कुणावर काढावा ते कळत नव्हतं. मिशीवाल्यावर? त्यानं सांगितलं होतं. दादावर? तोही तेच सांगत होता. राहिले हात. ते मांडीवर गुपचूप पडले होते, चोरी पकडलेल्या मुलांसारखे. राजाच्या अंगरख्याला पाठ होती आणि पाठीमागे कुणी प्रेक्षक नव्हता. पण पाणी म्हणजे चारी बाजूंनी बसलेला प्रेक्षक. त्याच्यापासून पाठ लपवता येत नाही. एवढी साधी गोष्ट जन्मभर शिवणकाम केलेल्या बाईच्या लक्षात येऊ नये!

"दुकानदार परत घेईल?" वहिनीनं विचारलं.

"चाळणी करून दिलेली वस्तू कोण परत घेतं?"

"मग यांना सांगते, उद्या नको म्हणून. तुमची तब्येत बरी नाही म्हणून सांगते."

"आणि तो थांबेल?"

 घरी दारामागं आदल्या रात्रीपासूनच दादाच्या गळाच्या काठ्या बांधून ठेवलेल्या वहिनीनं पाहिल्या होत्या. पाण्यात बहीण नसली तर तो एकटा उतरणार, हे दोघींनाही सूर्य उगवण्याइतकं पक्कं ठाऊक होतं.

"त्याला काही सांगायचं नाही," टाचणी उठली. "कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून पंक्चरचं सोल्यूशन आणते."

दुपारभर ती जमिनीवर बसून होती. टाके उसवले. विजार आतून-बाहेरून पुसून, पंख्यासमोर वाळवून, प्रत्येक भोकावर सोल्यूशनचा ठिपका. वासानं डोकं चढलं. वहिनी शेजारी बसून "इथं राहिलं, इथं राहिलं" करत काठीच्या टोकानं भोकं दाखवत होती. टाचणीला वाटलं ती काठी घेऊन खिडकीतून फेकून द्यावी. उजवा पाय झाला. डावा जवळजवळ झाला. आणि वीतभर राहिलं असताना ट्यूब संपली. सायकलवाला दुकान बंद करून गेला होता. उरलेल्या भागावर तिनं रुंद चिकटपट्टी गुंडाळली, वर आणखी एकदा गुंडाळली आणि नशिबाला हात जोडले. लांब पायांच्या घड्या पुन्हा घोट्याशी जमा झाल्या होत्या. त्या तिनं बुटांच्या नाड्यांखाली करकचून आवळायच्या ठरवल्या. नाड्या पडू देत नाहीत, एवढं तरी कपडेपटानं शिकवलं होतं.

रविवारी सकाळी नदीवर धुकं होतं. वहिनीला काठावरच्या घडीच्या खुर्चीत बसवून दोघं पाण्यात उतरली. दादानं एक हात टाचणीच्या खांद्यावर ठेवला.

"घसरत नाही ना?" त्यानं विचारलं.

"तू तुझं बघ."

"विजार मस्त दिसतेय. पायात जरा जास्त आहे."

"पाण्यात कोण बघतंय," टाचणी म्हणाली आणि तिलाच त्या वाक्याचा राग आला.

पाणी गुडघ्यापर्यंत आलं. कोरडं. टाचणीनं श्वास सोडला. पाणी मांडीला लागलं आणि डाव्या पोटरीवर कुणीतरी गार बोट ठेवल्यासारखं झालं. चिकटपट्टी! बोट हळूहळू खाली सरकलं, घोट्याशी गेलं, मोज्यात शिरलं. मग दुसरं बोट, मग अख्खा हात. दादा दोरी झुलवत होता. मागे, पुढे, मागे, पुढे, आणि माशी पिसासारखी पाण्यावर टेकत होती. टाचणी त्याच्या शेजारी, अर्धं पाऊल मागे, एक हात त्याच्या कमरपट्ट्यात अडकवून उभी. डावा पाय जड व्हायला लागला, मग बधिर झाला, मग आपला आहे की नदीचा हे कळेनासं झालं. बोलायची सोय नव्हती. बोललं की तो म्हणणार 'तू हो बाहेर, मी थांबतो.' म्हणजे सगळं मुसळ केरात.

"टाचणी, कसला आवाज येतोय?"

"पाण्याचा."

"कवळी वाजल्यासारखा वाटतोय. माझा कान बिघडलाय, पण हा आवाज मी झोपेतही ओळखीन."

"माझे खरे दात आहेत. खरे दात वाजतात."

 दादानं मान न वळवता, फक्त डोळे खाली नेऊन तिच्या डाव्या पायाकडं पाहिलं. विजारीचा तो पाय उजव्यापेक्षा चांगलाच जाड झाला होता. त्यानं दोरी आवरायला घेतली.

"चल. आज मासे नाहीत."

हंगामाचा पहिला दिवस. इतक्या वर्षांत या दिवशी तो दुपार झाल्याशिवाय कधी पाण्याबाहेर आला नव्हता. आणि तेवढ्यात समोर, दगडाच्या पलीकडे, हातभर लांबीचा मासा चमकून वर आला आणि फट्‌कन आत गेला.

"ते काय मग?" टाचणी म्हणाली.

"ते? पान पडलं."

"पानाला शेपूट असतं?"

"तू भिजलीयस."

"मग? भिजायचं ते भिजून झालं!" टाचणीचा दोन दिवसांचा साठलेला संताप आता उसळला. "दुकानात अडकले, तंबूत माणूस पाडला, न्हाणीघरात कारंजं केलं, सोल्यूशन हुंगून डोकं फिरलं, ते तू मला पान दाखवावंस म्हणून? तिसरी घंटा झाल्यावर मी आजवर कुणाला माघारी फिरू दिलेलं नाही. टाक!"

"न्हाणीघरात काय केलंस?"

"टाक म्हणते ना!"

दादानं दोरी काढली. पण आता त्याचं अर्धं लक्ष मागे होतं, आणि हसूही दाबलेलं. दोरी मागे गेली ती जरा खालून गेली. टाचणीला उजव्या मांडीवर एक टोचणी जाणवली. दोरी ताणली गेली, आणि 'चर्र' असा आवाज झाला. खोट्या माशीनं टाचणीला धरलं होतं, आणि तेही उजव्या पायाला. एकुलत्या एका कोरड्या पायाला!

"काय अडकलं?" म्हणत दादानं गर्रकन मान वळवली.

तीच वळवायची नव्हती. त्याचे डोळे एकदम रिकामे झाले, गळाची काठी हातातून सुटली, आणि तो उंच, म्हातारा माणूस मुळासकट सैल झालेल्या झाडासारखा प्रवाहाच्या दिशेनं कलला. काठावरून वहिनीची किंकाळी आली. टाचणीनं विचार केला नाही. अंधाऱ्या विंगेत चक्कर आलेले नट तिनं असेच धरले होते. एक मूठ कमरपट्ट्यात होतीच. दुसरीनं पाठीवरचे दोन्ही पट्टे एकत्र पकडले, गुडघा त्याच्या मागे लावला, आणि पाण्यानं भरलेला तो डावा पाय नांगरासारखा दगडांत रोवला. जन्मात पहिल्यांदा त्या पायाच्या वजनाचा उपयोग झाला. दादा हवेत लटकला, थरथरला आणि हळूहळू सरळ झाला.

"डोळे मीट," टाचणी म्हणाली. "मान हलवू नकोस. मी आहे."

तो डोळे मिटून उभा राहिला. तिचा उजवा पायही आता गार पडत होता. गळाची काठी वाहत जाऊन काठाजवळच्या दगडांत अडकली होती. वहिनी खुर्चीतून उठून उभी होती आणि टेकायची काठी उलटी धरली आहे हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

"मी बसणार होतो," थोड्या वेळानं दादा म्हणाला.

"पडणार होतास."

 मग तो हळूच म्हणाला, "पडणार होतो."

एकेक पाऊल टाकत ती दोघं काठावर आली. टाचणी गवतावर मटकन बसली आणि तिनं पाय वर केले. विजारीच्या दोन्ही पायांतून पाणी छातीकडं धावत आलं आणि गळ्याशी बाहेर पडलं. त्यानंतर तिनं जे शब्द उच्चारले, ते विनोदी नटानंही रंगमंचावर कधी वापरले नव्हते. वहिनीनं नवऱ्याच्या तोंडावरून हात फिरवला, त्याला खुर्चीत बसवलं, अंगावर शाल टाकली. मग तिच्या आवाजात पुन्हा धार आली.

"मिळालं का काही, वन्सं?"

"एक धरला," टाचणी मोजा पिळत म्हणाली. "मोठा होता. परत सोडून द्यावा असं फार मनात आलं."

खुर्चीत दादा डोळे मिटूनच हसला. मांडीवर अडकलेली माशी टाचणीनं तोडून काढली. पिसाची, निळसर, खरीच सुंदर. तिनं ती भिजलेल्या विजारीच्या छातीवर टाचून ठेवली आणि दुकानापासून न्हाणीघरापर्यंतची सगळी हकीकत दादाला सांगून टाकली.

"त्या मिशीवाल्याला उद्या फोन कर," दादा म्हणाला. "आखूड आणि रुंद मागवा म्हणावं."

"तूच कर. तो मला आजी म्हणतो," टाचणी म्हणाली, आणि दुसरा मोजा पिळायला घेतला.